आधी ‘पाणी’ म्हण

“आधी ‘पाणी’ म्हण. मग देते.”

मॅडमनी ग्लास उचलून खांद्याच्या वर धरला होता. माझ्या घशात मिरची अडकलेली. डोळ्यांतून, नाकातून धारा. ठसका थांबेना. टेबलाभोवतीचे सगळे हसत होते. आमच्याच ऑफिसचे. माझा हात पोचेल असं दुसरं पाणी टेबलावर नव्हतं.

वांद्र्यात, झाडांच्या एका गल्लीत, ते तैवानी हॉटेल नवीनच निघालं होतं. ऑफिसला मोठं काम मिळालं म्हणून मॅडम आम्हाला दुपारी तिथे जेवायला घेऊन गेल्या होत्या. जाहिरातींचं ऑफिस, तेही वांद्र्यातच, मॅडमच्या मालकीचं. मी मराठी मजकूर टाइप करायची, तपासायची. दिवसभर ण, ळ, ऱ्हस्व, दीर्घ. कागदावर माझा ण कधी चुकला नाही. चुकायचा तो तोंडात. मी जूचंद्रची, मिठागरांच्या गावातली. आमच्याकडे पानीच म्हणतात. माझी आई मिठागरात राबली, तिच्याकडून मी तो शब्द शिकले. तो चुकीचा आहे हे मला वांद्र्यात कळलं.

आई डब्यात जवळा द्यायची. सुकवलेली बारीक कोलंबी, कांद्यावर परतलेली. कामाला लागले त्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं, “वास येतो गं. क्लायंट येतात. तू जिन्यात बसून खात जा.” मी जिन्यात बसले. वर्षानुवर्षं तिथेच जेवले. येणारे-जाणारे डब्यावरून पाय टाकून जायचे, कुणी थांबायचं नाही. आईचे गुडघे गेलेले, घरात कमावणारी मी एकटी. नोकरी गेली तर चूल कशी पेटणार? म्हणून गिळलं. सगळं मुकाट गिळलं.

आणि त्या दिवशी टेबलावर काय आलं? आंबवलेला टोफू. गटार तुंबल्यासारखा वास. मॅडमनी डोळे मिटून तो वास आत ओढला. म्हणाल्या, “या वासासाठीच तर लोक इथे येतात.” सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या डब्याला नाक धरणाऱ्यांनीसुद्धा. मग वाफाळता भात आला. त्यावर सुकी बारीक कोलंबी आणि लाल मिरच्या. मी घास घेतला आणि तोंडातून निघून गेलं, “हा तर जवला हाय.”

“जवला नाही, जवळा,” मॅडम म्हणाल्या. “आणि हा तो तुमचा नाही. हा तैवानचा आहे.”

हशा पिकला. तेवढ्यात मिरची घशात गेली. मी “पानी, पानी” करत हात पुढे केला. तेव्हा ग्लास वर गेला.

“पा-णी. जीभ टाळूला लाव. इतकी वर्षं माझ्याकडे आहेस, शीक की.”

मला म्हणता आलं असतं. सहज. जीभ उचललीसुद्धा होती. आणि मला आई दिसली. उन्हात मीठ ओढता ओढता थांबलेली, माझ्याकडे हात पसरून “पानी दे गो बाय” म्हणणारी. तिला कुणी असं ताटकळत ठेवलं असतं तर? माझं डोकं सणकलं.

मी उठले. खुर्ची मागे पडली. मॅडमचं मनगट धरलं आणि टेबलावर आपटलं. ग्लास फुटला. परत आपटलं. काच त्यांच्या बोटांत घुसली, माझ्या तळहातात घुसली. भाताचा वाडगा उलटला. टोफू कुणाच्या तरी मांडीवर. एकाने मागून माझा दंड ओढला, त्याच्या छातीत कोपर हाणलं. हसणारी तोंडं बंद झाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पलीकडे वेटर पाण्याचा जग घेऊन उभा होता. मी तो त्याच्या हातातून घेतला. रक्ताच्या हाताने तसाच तोंडाला लावला. पोटभर प्यायले.

मॅडम बोटं दाबून ओरडत होत्या. “जंगली कुठची. उद्यापासून येऊ नकोस.”

“नाय येनार,” मी म्हटलं. “नि ह्याला पानीच म्हनतान.”

घरी आईने माझा तळहात उघडून पाहिला.

“कोनी मारला गो तुला?”

“मीच मारला.”

तिने सगळं ऐकून घेतलं. नोकरीचं विचारलं नाही. वाटीत मिठाचं पाणी केलं आणि जखमेवर ओतलं. “झोंबल,” ती म्हणाली. मी म्हटलं, “झोंबू दे.”

पुढचे दिवस वाईट गेले. उधार-उसनवार झालं, चूल कशीबशी पेटली. मग दुसरीकडे काम मिळालं. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांच्या मधोमध बसून डबा उघडला. जवळाच होता. एकाने नाक मुरडलं. मी त्याच्या डोळ्यांत बघत जेवले, तळहाताचा वण त्याला दिसेल असा हात ठेवून.

कागदावरचा ण मी आजही चुकवत नाही. ते माझं काम आहे. तोंडात पानीच राहील. जिन्यात मी परत बसणार नाही. आणि कुणी पुन्हा माझ्यापुढून ग्लास वर नेला, तर तो पुन्हा फुटेल.