जिथं तुटलं तिथून पुढे

बारामतीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात सी या संगणकभाषेतल्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मग निरवांगी गावची एक मुलगी कामाला लागली आणि तीन महिन्यांत तिनं माझा फाईल पाठवण्याचा प्रोग्रॅम मोडीत काढला.

काम साधं होतं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरून रोज संध्याकाळी दुधाचं माप आणि फॅट यांची फाईल आमच्या सर्व्हरवर यायची. नेटवर्कसाठी इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, म्हणजे एक लायब्ररी, वापरून मीच ते बसवलं होतं. पण भिगवणकडे रेंज तुटली की माझी फाईल पुन्हा पहिल्यापासून निघायची. तिच्या प्रोग्रॅममधली जिथं तुटली तिथून पुढे जायची.

"हे सुचलं कुठून?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"माझा आजा मेंढरं रस्त्यापल्याड न्यायचा. मधीच ट्रक आला, की पल्याडच्याला आदी इचारायचा, किती आली? मग उरलेलीच सोडायचा. लायब्ररीत तशी सोय हाय. सर्व्हरला इचारायचं, किती पोचलं."

साहेब खूश. ती सोय मीही पाहिली होती आणि आळसानं सोडून दिली होती. माझा नुसता जळफळाट झाला. तोंड दिसू नये म्हणून मी चहा सांगायला बाहेर गेलो.

त्यानंतर मी तिचा कोड वाचायचो तो खोट काढायलाच. आठवड्यानं एक खोट सापडली. लाईन तुटलेली असताना केंद्रावर कुणी एखादा आकडा दुरुस्त केला, तर आधी गेलेला भाग जुनाच राहणार होता. सांगायला एक मिनिट लागलं असतं. मी सांगितलं नाही. मला तिची फजिती बघायची होती.

ती बघायला फार थांबावं लागलं नाही. पणदऱ्याचे एक आबा ऑफिसात आले.

"आमच्या म्हशीला गायीची फॅट कशी काय लागली? केंद्रावर माझ्यासमोर आकडा नीट केलाय."

साहेबांनी तिला बोलावलं. मी खुर्ची वळवून बसलो. तिनं कोड उघडला, थोडा वेळ वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"आबा, चूक माझी हाय. आजच दुरुस्त करते," ती म्हणाली. मग माझ्याकडे हात करत साहेबांकडे वळली. "सरांना आदी दाखवायला पायजे होतं. त्यांच्या नजरंतून हे सुटलं नसतं."

"ते खरं," साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली.