दर्यामहालाच्या बागेत माझ्या वतीने होकार देणारा इसम

घटनेचा दिवस: सन १९८३, नाताळच्या सुट्टीतला रविवार, सकाळ. स्थळ: तारापूरच्या खाडीकाठचा एका माजी संस्थानिकाचा उन्हाळी महाल व बाग. गावात त्याला दर्यामहाल म्हणतात. जबाबदार व्यक्ती: एक, माझे बालमित्र गोविंदराव, राहणार सांगली. दोन, माझी पत्नी सौ. कुसुम, जिला इतकी वर्षे संसार करूनही स्वतःचा नवरा ओळखता आला नाही. तीन, महालाच्या फाटकावर 'छत्री आत नेण्यास मनाई' अशी पाटी ठोकणारा अज्ञात अधिकारी. आणि चार... ज्याच्यासाठी हे पत्र आहे, तो इसम. त्याचे नाव मला ठाऊक नाही. चेहरा मात्र माझाच आहे.

मी पालघरच्या न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. शपथेवर दिलेल्या साक्षी उलटतपासणीत कशा विरघळतात, हे मी आयुष्यभर पाहिले. त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. तरीही घडले ते असे.

गोविंदराव आणि सुमतीवहिनी आमच्याकडे आले होते ते म्हणे प्रेक्षणीय स्थळे पाहायला. खरे कारण सगळ्यांना ठाऊक होते. त्यांचा अरविंद बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीला होता, आणि त्याला आमची थोरली नलिनी पसंत होती. नलिनीलाही तो पसंत होता. माझी हरकत एवढीच की नोकरी खाजगी, पेन्शन नाही. नकार तोंडावर देववेना, म्हणून मी पाहुण्यांना नुसते हिंडवत होतो. शिरगावचा किल्ला झाला, एडवणचा समुद्रकिनारा झाला. शेवटी दर्यामहाल उरला.

फाटकावर दामू नावाचा रखवालदार होता. त्याने माझी छत्री अडवली.

"कोणत्या नियमान्वये?" मी विचारले. "पाटीवर सही नाही, शिक्का नाही."

"काका, छत्री हितं ठेवा न् जावा आत. मी काय खानार हाय का ती?"

"प्रश्न छत्रीचा नाही, अधिकाराचा आहे."

"अहो, चला ना!" कुसुम म्हणाली. "पाहुणे उन्हात उभे आहेत."

"त्यांना घेऊन तू पुढे हो. मी याचा निकाल लावून येतो."

नलिनीसह मंडळी आत गेली. मी फाटकापाशी दगडी बाकावर बसलो आणि दामूला मनाई, अधिकार आणि ताबा यांतला फरक समजावत राहिलो. बाक मी एकदाही सोडला नाही. दामू अधूनमधून "व्हय काका" म्हणत होता, आणि ते पुरेसे होते.

बऱ्याच वेळाने आतून हसण्याचा गलका आला. पाहतो तो सगळी मंडळी लग्नघरातून निघाल्यासारखी येत होती. गोविंदरावांनी मला फाटकातच कडकडून मिठी मारली.

"सदा, लेका, आज जिंकलंस मला!"

"कशात?"

"कशात म्हणे! भावजी, आता पुरे हं नाटक," सुमतीवहिनी म्हणाल्या. त्यांच्या गालात सुपारी होती. "कारंज्याच्या कठड्यावर बसून तुम्हीच फोडलीत ना? वर म्हणालात, पेन्शन काय, माझी आहे ती दोघांना पुरेल!"

सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरले, हे वाचकांना सांगायला नकोच.

मी दामूला साक्षीला उभे केले. तो हात जोडून म्हणाला, "काका हितून हाललंच नाय. माज्या डोक्याचा पार भुगा केलाय."

यावर सगळे अधिकच हसले. गोविंदरावांनी तर दामूची पाठ थोपटली. "काय शिकवून ठेवलंय रे याला! आणि छत्री घ्यायला एवढा पुढे पळालास होय? बाकी छत्री हातात नव्हती तर काय मोकळा नाचलास रे! साऱ्या गुलाबांना नावं ठेवून झाली तुझी, चाफ्याखाली गाणं झालं..."

मी गात नाही. माझ्या लग्नातही मी उखाणा घेतला नव्हता.

मी छत्री जमिनीवर टेकून उभा राहिलो. माझ्या नावाने परक्या माणसाने शब्द दिला होता. त्याला माझे मुखत्यारपत्र नव्हते. करार मुळातच रद्द होता. ही सगळी वाक्ये जिभेवर तयार होती. तेवढ्यात नलिनी पुढे आली. तिचे डोळे भरलेले होते.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही मला नलू म्हणालात. मला वाटलं होतं, विसरलात."

ती शाळेत जायला लागल्यापासून मी तिला नलू म्हटलेले नाही. या नावाची आठवण तिच्या-माझ्याखेरीज कोणाला असणार?

मी सर्व हक्क राखून गप्प बसलो.

घरी येऊन ट्रंक उघडली. माझ्या वडिलांचा पितळी अडकित्ता तिच्यात होता, नलिनीच्या सुपारीसाठीच जपून ठेवलेला. किल्ली दिवसभर माझ्या खिशात होती. अडकित्त्याच्या पात्याला सुपारीचा ताजा चुरा लागलेला होता. कुसुमला दाखवला, तर म्हणाली, "अहो, वापरल्यावर पुसून ठेवायचा असतो."

लग्न झाले. अरविंद गुणी निघाला. कारखान्यात त्याला बढतीही मिळाली. जावई म्हणून माझी त्याच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही, आणि हेच मला सर्वांत जास्त खटकते. मी दामूला पुन्हा भेटलो, बाग इंच इंच पाहिली, फाटकाखेरीज दुसरी वाट आहे का ते तपासले. नाही. सुमतीवहिनी आजही म्हणतात, "भावजी त्या दिवशी किती छान होते!" मला आजतागायत उलगडा झालेला नाही.

हे सर्व आज, इतक्या वर्षांनी लिहिण्यास कारण घडले आहे. धाकट्या सुषमासाठी सफाळ्याचे स्थळ आले आहे. मुलाचे स्वतःचे दुकान आहे; म्हणजे पेन्शन नाहीच. दिवाळीनंतरच्या रविवारी ती मंडळी आमच्याकडे येणार आहेत. सुषमा दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही, आणि कुसुमने मला न विचारता परस्पर ठरवून टाकले आहे, "पाहुण्यांना दर्यामहाल दाखवू."

म्हणून त्या इसमास वृत्तपत्राच्या या सदरातून जाहीर नोटीस देण्यात येते. त्या रविवारी मी फाटकापाशी त्याच बाकावर, छत्रीसह हजर राहीन. अडकित्ता पुसून ट्रंकेत ठेवलेला आहे. आपण येणार आहात किंवा कसे, याचा खुलासा आपण याच सदरात, सर्वांसमक्ष, स्वतःच्या सहीने करावा. आपण येणार नसाल, तर चाफ्याखाली कोणते गाणे म्हटले होते, तेवढे तरी कळवावे. मला ते पाठ करावे लागेल.