वहिनीच्या नावावर आईची साखर

माझी वहिनी शाळांचे गणवेश शिवते. माणसाला नुसतं बघून कमरेचं माप सांगते. माझं सांगताना मुद्दाम दोन इंच वाढवते. "भावजी, खुर्चीची तरी दया करा!"

पहिल्या बाळंतपणात तिला साखर निघाली होती. मुलगी सुखरूप झाली. घरी सोडताना नर्स म्हणाली, "दीड महिन्यानं पुन्हा तपासायचं. मेसेज येईल."

मेसेज आला, पण दादाच्या फोनवर. गॅसपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे त्याचाच नंबर. घरातला कर्ता ना तो! 'तुमची साखरेची तपासणी बाकी आहे', एवढंच लिहिलेलं. आमच्याकडे साखरेची जुनी पेशंट म्हणजे आई. दादानं तिला उपाशीपोटी नेलं. खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता नंबर विचारला, त्यावर एकच तपासणी बाकी दिसली, चिठ्ठी दिली. आईचं रक्त वहिनीच्या नावावर जमा झालं. निकालही दादाच्याच फोनवर आला: नॉर्मल. त्यानं घर डोक्यावर घेतलं.

"बघा आई, माझा फिका चहा कामी आला," वहिनी म्हणाली. स्वतःसाठी मेसेज आला नाही, तेव्हा आपली साखर बाळंतपणाबरोबरच गेली, असं तिनं धरलं.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. दवाखाना दुसरा, पण आता सगळ्यांच्या नोंदी एकमेकांना जोडलेल्या. डॉक्टरीणबाईंनी संगणकावर जुनी नोंद उघडली. "बाळंतपणानंतर उतरलीय की साखर. सहाव्या महिन्यात बघू."

सहाव्या महिन्यात आकडा बघून त्यांनी रक्त पुन्हा काढायला लावलं. इंजेक्शनं सुरू झाली. आठव्यात बाळाची हालचाल थांबली. मुलगा होता.

"पण ही तपासणी नॉर्मल होती!" डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची तारीख दाखवली. दादानं ती वाचली आणि आईकडे बघितलं.

"त्या दिवशी रक्त द्यायला मी गेले होते," आई म्हणाली. "माझ्या गोळ्या चालू होत्या."

घरी आल्यावर आईनं त्या गोळ्या बंद केल्या. कुणाला बोलली नाही. वहिनीच्या लक्षात आलं. तिला धड उभं राहवत नव्हतं, तरी गोळी आणि पाणी घेऊन सासूपुढे आली.

"घ्या."

"नको गं. माझ्यामुळेच..."

"आई, मला आता जन्मभर टोचून घ्यायचंय. या घरात एकीची तरी साखर ताब्यात राहू द्या."

आईनं गोळी गिळली. पाणी तसंच राहिलं.