उजवी पाकळी

कौल लावताना गुरवबा श्वास रोखून धरत. गावदेवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तोवर ते वाऱ्यालाही दटावत, "थांब रं जरा!" त्यांच्या पाकळ्यांवर आमच्या गावात सोयरिकी ठरत. विळ्याने गवत कापत कापत मी गवताच्या वखारीचा मालक झालो. गवताच्या भावासाठी मुंबईच्या तबेलेवाल्यांच्या अंगावर धावून जायचो. पण त्या पाकळीशी मी कधी घासाघीस केली नाही.

महायुद्धाच्या दिवसांत माझी सहा वर्षांची सखू तापाने फणफणली. कर्जतच्या दवाखान्यात न्यायला मी गाडी जुंपली आणि आधी देवळात धावलो. "पोरीला घरीच उतार पडेल का, विचारा." उजवी पाकळी पडली. मी बैल सोडले. तिसऱ्या दिवशी सखू गेली.

देवीने शब्द मोडला होता. शब्द मोडणाऱ्याची पायरी मी पुन्हा चढत नाही. बायको, चंद्रा, देवीची ओटी भरायला निघाली तर मी ताट भिरकावले. तिने घरातला दिवा लावणेही सोडले. वर्षभर आम्ही दोघे एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत राहिलो.

गुरवबा मात्र रोज सकाळी आमच्या दारावरून देवीच्या आंघोळीचे पाणी नेत. एकदा मला राहवले नाही. "लबाड देवीला न्हाऊ घालता, लाज नाही वाटत?"

त्यांनी हंडा खाली ठेवला. "शेट, लबाड ती नाय. मी हाय."

"म्हणजे?"

"तुमचं तोंड बघवलं नाय मला. उजवी पाकळी मी मुद्दाम सैल लावली. वाटलं, माणसाला धीर येईल. गाडी जुंपल्याचं मला ठावं नव्हतं."

मी त्यांचे मानगूट धरले. म्हातारा हलला नाही.

"मारा. पन तिच्यावर राग धरू नका. वयनी दिव्यावाचून बसल्यात, ते बघवत नाय."

"पुन्हा बघवत नाही?" मी किंचाळलो. "तुमच्या या 'बघवत नाही'नेच घात केला!"

चंद्रा दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. तिने हंडा कमरेवर घेतला आणि देवळाची वाट धरली. संध्याकाळी घरात दिवा लागला. मी विझवला नाही.

त्यानंतर गुरवबांनी कौल लावला नाही. कोणी आजारी माणसासाठी आले की ओरडत, "आधी दवाखाना गाठा, मग देवीकडं या!" लोक चिडले, त्यांना सुगीचे हक्काचे भात देईनासे झाले. मी देवळात जाऊ लागलो. देवीशी बोलायचो, त्यांच्याशी नाही.

दोन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. मी गेलो.

"राग गेला का, शेट?"

"नाही."

"देवीवरचा?"

"तो गेला."

"मग झालं." त्यांनी कोपऱ्यातल्या हंड्याकडे बोट केले. "उद्याचं पानी कोनाला तरी घालायला सांगा."

कोणाला सांगितले नाही. मीच घातले.