घरच्या माणसाची बोहनी

पुण्याला कॉलेजसाठी निघाले त्या सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, मला सोडायला मंठ्याच्या स्टँडवर आले नाहीत. आई आली. अण्णा किराणा दुकानाच्या गादीवर बसून होते, कारण बोहनी व्हायची होती. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत वाण्यानं गादी सोडायची नाही, ही आमच्या घरातली जुनी शिस्त. मी पाया पडायला गेले आणि दहाची नोट पुढे केली. "मीच करते बोहनी. साखर द्या अन् चला."

"घरच्या माणसाची बोहनी धरत न्हाईत, माय. जल्दी जा, गाडी चुकंल."

बदनापूर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. होस्टेलवर मुली चिडवायच्या, "वाण्याची ना तू? शेंगदाणेसुद्धा मोजून देशील." मी म्हणायचे, हो, वाण्याचीच. पण काटा बराबर झाल्यावरही माझा बाप वर चिमूटभर टाकतो. तुमच्यातलं कोण टाकतं?

आता किराणा मी मोबाईलवर मागवते. वजनात ग्रॅमचा फरक नसतो, आणि वर कोणी काही टाकत नाही. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना हे कळेल.

या उन्हाळ्यात गावी गेले तर दुकानासमोर मोठं मार्ट झालेलं. साडेअकरा वाजले तरी अण्णांची बोहनी नव्हती. शुगरची गोळी घेऊन झालेली, जेवण घरी झाकलेलं. हात कापायला लागले होते.

"अण्णा, चला ना जेवायला."

"बोहनी होऊ दे."

मी गादीजवळून उठले, चप्पल घातली, आणि गिऱ्हाईक उभं राहतं तिथं जाऊन उभी राहिले. "पावशेर खडीसाखर द्या." नोट पुढे केली. वाटलं, आताही नाही म्हणतील. म्हणावं, असंही वाटत होतं.

त्यांनी काटा पुढे ओढला. मग खडीसाखर तोलली, वर दोन खडे टाकले, पुडी बांधली. नोट कपाळाला लावून गल्ल्यात ठेवली.

घरी आईनं विचारलं, "कोण आल्तं बोहनीला?"

"पुण्याचं गिऱ्हाईक," अण्णा म्हणाले, आणि ताटावर बसले.

ते जेवले, हे बरंच झालं. पण जिथं माझी नोट चालत नव्हती, ते माझं घर होतं. निघाले त्या सकाळी मला तो नकार वाटला होता.