वरातीतलं अर्धं गाणं

ईशान्येकडच्या एका डोंगराळ शहरातल्या चौघांनी पदरच्या खर्चानं काढलेला न्यू वेव्ह रॉकचा अल्बम मी वर्षभर ऐकत होतो. खणखणीत सिंथ, कोरडे ड्रम्स आणि भाजी अळणी झाल्याची तक्रार करावी तसा गाणारा गायक. शहाद्यात त्याचा श्रोता मी एकटाच. भक्ती एकट्यानं करता येते, कौतुकाला दुसरा माणूस लागतो. म्हणून ठरवलं, माझ्या वरातीत यातलं एक गाणं वाजणार.

घरच्यांनी चौकात माझा बॅनर लावला होता. त्यात मी निवडणुकीला उभा असल्यासारखा हात जोडून होतो. तो निमूट सोसला. बदल्यात एवढंच मागितलं.

आमच्याकडे वरातीपुढे पिकअपवर कॅसिओ, बेंजो आणि ऑक्टोपॅड घेऊन बँड चालतो. कॅसिओवाल्यानं मोबाइलवर गाणं ऐकलं.

"नवरदेव, हाऊ गडी रडी ऱ्हायना. येन्हावर कोण नाची?"

"तू वाजाड. मी देखस काय ते."

नवरीच्या गावी, ब्राह्मणपुरीत, मांडव दिसू लागला तेव्हा ते गाणं सुरू झालं. लोक थबकले, मग नाचू लागले. ठेका सापडला की आमची माणसं काहीही माफ करतात. पण गाण्याच्या मधोमध काही क्षण सगळंच थांबतं. अल्बममधली माझी सर्वांत आवडती जागा. आणि आमच्याकडे वाजंत्री थांबली, म्हणजे वरात पोचली.

कॅसिओवाला इमानानं थांबला. नाचणाऱ्यांनी रुमाल खिशात घातले, सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन पुढे आल्या. ते पाहून कॅसिओवाल्यानं उचललेली बोटं उचललेलीच ठेवली. मामांनी माझ्या घोड्याचा लगाम धरला.

"उतर खाले."

"मामा, अर्धं गाणं बाकी शे."

"तठे सासू ताट धरीसन उभी शे, आन् तुले गाणं सुची ऱ्हायनं?"

"ते व्हवाबिगर मी उतराव नही."

मामांनी घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघांत घोडा समजूतदार वाटला असावा.

"वाजाडा रे," ते बँडवर खेकसले, "हाऊ उतरस नही."

उरलेलं गाणं सुरू झालं. नाचायला कोणी परत आलं नाही. सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे गेलं होतं. भाच्याची शोभा झाकायला म्हणून मामाच रुमाल काढून नाचू लागले. आधी रागानं, मग नुसतेच.

गाणं संपल्यावर घाम पुसत म्हणाले, "आखो एक डाव व्हऊ दे. पन मधमा थांबानं नही."

"थांबनं तं पडीच, मामा," मी म्हणालो.