अंधारात धरलेला हात

आम्ही दोघं शेवटचं बाहेर गेलो ते दुपारच्या नाटकाला. इंग्लंडमधल्या आमच्या गावातल्या जुन्या चर्चचं थिएटर केलंय. तिथल्या बाकांना लाकडाच्या पॉलिशचा वास होता. तो वास कुठेही आला की मला अजून धडकी भरते.

बायकोने दारातच बूट काढले.

"अगं, आता नाटकं होतात इथे."

"म्हणून देव घर सोडून गेला का? गप्प बसा."

नाटक रंगात आलं आणि अंधारात माझ्या हातातला तिचा हात ढिला पडला. मी घाबरलो. बघितलं नाही तर काही झालंच नाही, असं मानून समोर बघत बसलो. आता कळतं, तेवढ्यात कुणाला तरी हाक मारता आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रॅकनेलहून आलेल्या लेकीने विचारलं, "बाबा, आई गेली ते तुम्हाला कधी कळलं?"

"दिवे लागल्यावर," मी खोटं बोललो.